जिना आणि ओळ

डोळ्याच्या पडद्यावर अगदी मध्यभागी पाच-साडेपाच मिलिमीटरची एक पिवळसर जागा असते. तिला मॅक्युला म्हणतात. तिच्याही मधोमध दीड मिलिमीटरची एक खळगी असते आणि आपण जन्मभर जे काही वाचतो ते त्या खळगीच्या जिवावर. हात लांब करून अंगठा उभा धरला, तर त्याचं नख जेवढी जागा अडवतं साधारण तेवढंच आपल्याला एका वेळी लख्ख दिसतं. बाकीचं अंदाजाने. त्यामुळे वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारत जातो. सेकंदाला तीन-चार उड्या, प्रत्येक उडीनंतर किंचित थांबा, त्या थांब्यात काही अक्षरं उचलायची आणि पुढे.

मी मुद्रितशोधक आहे. प्रुफं वाचणं हा माझा व्यवसाय, त्यावरच घर चाललं. तरी डोळा हे सगळं कसं करतो याचा विचार आईचे डोळे जाईपर्यंत कधी करावा लागला नव्हता. आणि चालणं किंवा वाचणं यातलं एकच राखता आलं तर काय राखायचं, याचा विचार कोणी विचारेपर्यंत केला नव्हता.

आईला आधी गॅलरीच्या कठड्याचे गज वाकडे दिसायला लागले. तिने ते कोणाला सांगितलं नाही. इमारत जुनी आहे, वाकलेही असतील गज, असं तिला वाटलं. मग ओळीतले शब्द मधूनच नाहीसे व्हायला लागले. ती पुस्तक तिरकं धरायची, दिव्याखाली न्यायची, चष्मा पुसायची. तपासणीत वयामुळे होणारं मॅक्युलर डिजनरेशन निघालं, एका डोळ्यात ओलं, दुसऱ्यात कोरडं. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्या गळतात. ती गळती थांबवायला थेट डोळ्यात इंजेक्शन देतात. आईने ती मुकाट्याने घेतली. गळती थांबली, पण तोवर मधल्या जागेवर व्रण धरला होता. कोरड्या डोळ्याला असं इंजेक्शनही नव्हतं. तो आपल्या गतीने गेला.

आता आई ८३ वर्षांची आहे. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, त्याच्या मागचं दार दिसतं. पडद्याच्या कडा शाबूत आहेत, म्हणून चालण्यापुरतं तिला व्यवस्थित दिसतं. तिसऱ्या मजल्यावरून एकटी उतरते, गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यावर जाऊन भाजी घेते, मेथी वासावरून आणि कांदे हाताने दाबून निवडते. माणसं चालीवरून ओळखते. वाचता मात्र एक अक्षर येत नाही. काचबिंदूत बहुतेक वेळा याच्या उलट घडतं. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. तो माणूस पुस्तक वाचू शकतो, पण गर्दीच्या फलाटावर कोणाला तरी धडकतो.

म्हणून चालणं राखायचं की वाचणं, हा प्रश्न मला बसल्या जागी रचलेला वाटत नाही. आजार ही निवड रोज करतात, फक्त आपल्याला विचारत नाहीत.

मला तो विचारला माझ्या भाचीने. ती फिजिओथेरपी शिकते. माझ्या उजव्या गुडघ्याची गादी झिजली आहे. वाटी बदलून घ्या, असं हाडांच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे. त्याच सुमाराला डोळ्यांच्या तपासणीत माझ्याही पडद्यावर पिवळे ठिपके दिसले. ड्रुझेन म्हणतात त्यांना. आईला हा आजार असला की मुलीला होण्याचा धोका वाढतो. भाची माझ्या पायाला व्यायाम देत होती. मधेच म्हणाली, “मावशी, दोन्हीतलं एकच राखता आलं तर तू काय राखशील?” मी विचार न करता म्हटलं, “वाचणं.” ती काही बोलली नाही, पाय वर उचलायला लावला. उत्तर मी लगेच दिलं खरं, पण त्याच्यामागे काय आहे ते मला नीट बघायचं होतं. आमच्याच मजल्यावर ते बघायची सोय आहे.

आमची चाळ १९४० च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या भाषेत अ वर्गातली उपकरप्राप्त इमारत. तळमजला अधिक तीन. लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आधाराला दोर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमच्या शेजारच्या खोलीत भाऊकाका आणि काकू. भाऊकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय ८७. बेस्टमध्ये कंडक्टर होते. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी चौपाटीपर्यंत चालत जायचे आणि रमतगमत परत यायचे. सामायिक मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण त्यानंतर अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय काही परत आला नाही. आता वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत. डोळे अजून उत्तम आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून चष्म्याशिवाय पेपर वाचतात, जाहीर नोटिसांसकट.

आमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही. काकांना दवाखान्यात न्यायचं तर लाकडी खुर्चीत बसवतात, छातीशी आणि मांड्यांशी चादरी बांधतात आणि चार मुलं खुर्ची उचलून उतरतात. खालची दोघं उलटी चालत, वरची दोघं वाकून. ज्या माणसाने डबलडेकरच्या जिन्यावर दिवसातून कितीतरी वेळा चढउतार केली, तो आपल्याच जिन्यावर डोळे मिटून घेतो. पोरं मनापासून करतात, पण त्यांना सुट्टी बघून बोलवावं लागतं. त्यामुळे काका दवाखान्याशिवाय कशालाच खाली जात नाहीत. २०२४ च्या लोकसभेला निवडणूक आयोगाने ८५ च्या पुढच्यांना घरून मतदान करायची सोय दिली होती. अधिकारी मतपत्रिका घेऊन तीन मजले चढून आले. त्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

त्यांच्याकडे माणसं येतात, नाही असं नाही. पण एकदा ते म्हणाले, “येतात ते सगळे ठरवून येतात गं. न ठरवता मला कोणी भेटलं त्याला किती वर्षं झाली.” मी पुष्कळ दिवस त्या वाक्यापाशी अडकले होते. चालणाऱ्या माणसाला रस्ता किती देतो ते त्याच्या लक्षातही येत नाही. खोताच्या वाडीच्या तोंडाशी जुना शेजारी भेटतो, चिराबाजारात मासे महाग झालेले कळतात, कोणाच्या तरी हातात कोणाच्या तरी मुंजीची पिशवी दिसते. यातलं काहीही कोणी मुद्दाम तीन मजले चढून सांगायला येत नाही.

आईचं जे गेलं ते वेगळं आहे आणि त्याच्याबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण ते माझ्या जास्त जवळचं आहे.

आम्ही लहान असताना दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं होतो. आजी, आई-वडील, आम्ही तिघं भावंडं. दुपारची धुणीभांडी आटोपली की आई गॅलरीत भिंतीला टेकून पुस्तक उघडायची. लायब्ररीतलं, पुठ्ठ्याचं कव्हर घातलेलं, आतल्या पानांवर आधीच्या वाचकांच्या हळदीचे डाग असलेलं. पुस्तक उघडं असेपर्यंत आईला हाक मारायची नाही, असं कोणी आम्हाला शिकवलं नव्हतं, तरी आम्ही मारत नव्हतो. आजीसुद्धा मारत नसे. त्या घरात दुसरी कोणतीच गोष्ट आईच्या एकटीची नव्हती. ताट नव्हतं, कपाट नव्हतं, रडायला कोपरा नव्हता. ती काय वाचते आहे आणि वाचताना तिला काय वाटतं आहे, एवढंच काय ते तिचं होतं.

डोळे गेल्यावर मी तिला वाचून दाखवायला लागले. माझा आवाज बरा आहे, उच्चार स्वच्छ आहेत. सुरुवातीला आई म्हणायची, “थांब, ते मागचं वाक्य परत.” मी परत वाचायचे. थोड्या वेळाने पुन्हा, “परत.” मी तिसऱ्यांदाही वाचत असे, कंटाळा न करता. पण हळूहळू तिने ‘परत’ म्हणणं सोडलं. मी थकले असेन, मला उद्याची प्रुफं द्यायची असतील, असा विचार ती करायची. मग ती नुसती ऐकायला लागली, मी निवडलेलं, माझ्या वेगाने, माझ्या सवडीने. एखादा प्रसंग फार उघडा असला तर मी आवाज खाली आणायचे आणि तिची मान खाली जायची. आम्ही मायलेकी एकाच पानावर होतो आणि ते पान दोघींपैकी एकीचंही उरलं नव्हतं.

वडील लग्नानंतर काही काळ नोकरीसाठी रत्नागिरीला होते. तेव्हाची त्यांची पत्रं आईने पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत. ती अजूनही मधूनमधून डबा उघडते, पत्रं गॅलरीत उन्हाला देते, घडीवरून बोट फिरवते, परत ठेवते. मी एकदा विचारलं, वाचून दाखवू का. “नको,” म्हणाली. तिने ती पत्रं आजवर कोणालाही वाचू दिलेली नाहीत, आणि आता तिलाही वाचता येत नाहीत. वाचायला दुसरा माणूस लागला की त्यातली काही अक्षरं कायमची बंद होतात. चेहरा न दिसणं आई सहज सांगते, शेजारणींशी त्यावर बोलते. पत्रांबद्दल एक शब्द काढत नाही.

वाचणं मेंदूतूनही जाऊ शकतं, डोळे धडधाकट असताना. फ्रेंच डॉक्टर देजेरीन यांनी १८९२ साली अशा एका रुग्णाची नोंद केली. त्याला लिहिता येत होतं, पण आपणच लिहिलेलं वाचता येत नव्हतं. अक्षर बोटाने गिरवलं तर ओळखता यायचं. कॅनडातले रहस्यकथाकार हॉवर्ड एंगेल यांना २००१ मध्ये हेच झालं. सकाळी दारातला पेपर उचलला तर त्यातली अक्षरं कुठल्या तरी परक्या लिपीतली वाटली. तो पक्षाघात होता. ऐकून पुस्तकं समजून घ्यायची सोय होती, तरी वाचणं सोडून देणं त्यांना मान्य नव्हतं. ते जिभेच्या टोकाने दातांच्या मागच्या बाजूला अक्षराचा आकार गिरवायला लागले, एकेक अक्षर, आणि त्यातून वाचू लागले, अतिशय हळू. पुढे त्यांनी पुन्हा कादंबऱ्याही लिहिल्या. मला ही हकीकत कळली तेव्हा मी माझ्या जिभेने ‘क’ काढून बघितला. मराठीतलं एखादं जोडाक्षर असं काढायचं म्हणजे काय होईल, हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

कोणी म्हणेल, आता फोन वाचून दाखवतो, मग अडलंय कुठे? हे म्हणणं अर्धं खरं आहे. ज्यांना लहानपणापासून सवय आहे अशी दृष्टिहीन मुलं फोनचा आवाज इतक्या वेगात लावून ऐकतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. ती वाचतातच, याबद्दल मला शंका नाही. मुंबई तर या कामात जुनी आहे. अंधांसाठीची शाळा इथे १९०० साली ॲना मिलार्ड यांनी काढली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ मध्ये इथेच सुरू झाली. भारतीय भाषांसाठी एकसारखी ब्रेल १९५१ साली ठरली. २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक मुंबईतून काढलं. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून आहे. कायदाही बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर दृष्टिहीनांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच कामासाठी झालेला २०१३ चा मराकेश करार मंजूर करणारा भारत हा जगातला पहिला देश.

पण ८३ व्या वर्षी ब्रेल शिकायची म्हणजे बोटांची संवेदना तेवढी तल्लख हवी, आणि आईच्या बोटांनी साठ-सत्तर वर्षं तवे उचलले आहेत. राहिला फोन. आणि इथे माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आड येते.

मराठी पुस्तकं कितीतरी वर्षं श्री-लिपी किंवा आकृतीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवली गेली. त्यांचे जुने फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्या कळणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीचे. पडद्यावर आणि कागदावर ती अक्षरं देवनागरी दिसतात, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. माणसाला दिसायला सुंदर पान, वाचून दाखवणाऱ्या यंत्राला मात्र निव्वळ कचरा. मी हजारो पानांवर ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व केलं, पानाच्या तळाशी एकटी राहिलेली ओळ वर ढकलली, आणि यातल्या कुठल्याही फायलीतलं एक वाक्य माझ्या आईला तिच्या फोनवर ऐकता येत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याची नजर गेली तर त्याच्यापुढे ऐकण्याजोग्या पुस्तकांचा ढीग आहे. मराठी वाचणाऱ्याची नजर गेली की त्याला त्याच्या भाषेतली बहुतेक जुनी कपाटं बंद सापडतात. गेल्या काही वर्षांत मराठी ऑडिओ पुस्तकं पुष्कळ आली, चांगली आली, नट-नट्यांनी वाचलेली. पण आईला हवं असलेलं पुस्तक त्यात असेलच असं नाही, आणि वाचणाऱ्या नटाने वाक्य कुठे तोडायचं ते आधीच ठरवलेलं असतं.

जे वाचनाचं, तेच चालण्याचं. पाय गेल्याची किंमत सगळीकडे सारखी नसते. ती शहरागणिक बदलते. आमच्या इथून जवळ एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, १८३३ मध्ये पुऱ्या झालेल्या टाउन हॉलमध्ये. समोर ३० पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बसून फोटो काढणाऱ्यांना त्या देखण्या वाटतात, आणि आहेतच. काकांसारख्या माणसाने पुस्तकासाठी तिथवर जायचं ठरवलं, तर डोळे असून त्याचा उपयोग काय? वाचायलासुद्धा या शहरात पाय लागतात. आता गिरगावात भुयारी मेट्रो आली. स्टेशनात लिफ्ट आहे, चाकाची खुर्ची थेट फलाटापर्यंत जाते. जमिनीच्या पोटात उतरायची सोय झाली याचा मला मनापासून आनंद आहे. त्या लिफ्टपर्यंत पोचायला काकांना आधी आपला जिना उतरावा लागतो, आणि त्यापुढे आमच्याकडचे पदपथ.

तर मी दोघांनाही विचारलं. भाचीने मला विचारलं तसंच, सरळ.

आई पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, “पाय.”

“अगं, पण तू एवढी वाचायचीस.”

“संडासला जायला मला कोणी लागत नाही. तेवढं असलं की बाकीचं सोसतं.”

आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला आहेत. भाऊकाकांना तिथवर जाता येत नाही. त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची आहे, स्वयंपाकाच्या ओट्यापासून चार हातांवर, मधे पडदा. ते भांडं काकू नेते. तेवढा वेळ काका रेडिओ मोठा करतात. आई हे रोज ऐकते, भिंत एकच आहे. वाचन म्हणजे एकांत आणि पाय म्हणजे माणसांत जाणं, अशी मी मनात वाटणी केली होती. आईच्या त्या एका वाक्याने ती उधळली. पाय नसले की एकांतही जातो, आणि तो अधिक उघड्यावर जातो.

भाऊकाकांना विचारलं तेव्हा त्यांनी पेपर बाजूला ठेवला. त्यांना प्रश्न आवडला नाही. “दोन्हीतलं एक कशाला?” म्हणाले. “मला लिफ्ट पाहिजे. हे विचारायचं तर मालकाला विचार.”

या दोन उत्तरांनंतर मला माझं उत्तर कळलं. ते बदललं नाही, पण त्याचं कारण हाती आलं. दोन्हीकडे दुखतं ते विचारावं लागण्यात. ‘परत वाचतेस का’ हे विचारणं आणि ‘मला उतरवाल का’ हे विचारणं. यातलं कोणतं विचारणं मला झेपेल, एवढाच माझ्यापुरता प्रश्न आहे. माझं अंग दुसऱ्याने उचललं, पुसलं, कुशीवर वळवलं, तर मला लाज वाटेल आणि ती लाज मी गिळेन. मी आजारी माणसं उचलली आहेत. उचलणाऱ्याच्या मनात त्या वेळी फार काही नसतं, आपल्या पाठीची काळजी असते, पायरीकडे लक्ष असतं, हे मला ठाऊक आहे. पण ओळीसाठी मला कोणाला विचारता येणार नाही. एखाद्या वाक्यावर मी किती वेळ थांबले, कुठलं पान मी उलटून पुन्हा उघडलं, कुठे मला लेखकाचं पटलं नाही, हे दुसऱ्याच्या देखत करणं मला जमणार नाही. माझ्या आईला जमलं नाही, आणि तिच्यासमोर तर मीच होते.

शिवाय माझं काम. मुद्रितशोधन कानाने होत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला एकच आहेत. ज्या अक्षरांवर मी आयुष्य घालवलं ती मला ऐकायची नाहीत, बघायची आहेत, त्यांच्या वेलांट्यांसकट. म्हणून मी म्हणते, गुडघा गेला तरी चालेल, दुसराही गेला तरी. मला खिडकीपाशी बसवा आणि दिवा लावा.

असं म्हणताना मला काकू दिसते. माझी निवड मी एकटी फेडणार नाही. माझ्या भाचीला, किंवा पैसे देऊन ठेवलेल्या एखाद्या बाईला, माझं भांडं न्यावं लागेल. आईने पाय मागितले त्यात हाही हिशेब होता, आणि तो तिने माझ्या बाजूने केलेला होता. हे मला समजतं. समजूनही माझं उत्तर तेच राहतं, आणि ते जरा आपमतलबी आहे हे मला लपवायचं नाही.

भाऊकाकांचं उत्तर मात्र कामाचं आहे. विचारायची पाळीच येऊ नये, असं काही करता येतं का, ते बघता येतं. मी ज्या प्रकाशकांचं काम करते त्यांच्याकडे जुन्या पुस्तकांच्या श्री-लिपीतल्या फायली पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणायला मी सुरुवात केली आहे. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण त्यातून मजकूर जखमी होऊन बाहेर येतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार नंतर. रूपांतरात त्यांची अदलाबदल चुकते, जोडाक्षरं फुटतात, अवग्रहाच्या जागी भलतंच चिन्ह येतं. मग ओळीओळीने बसून दुरुस्त करायचं. हे काम मुद्रितशोधकाचंच आहे, आणि माझी ती दीड मिलिमीटरची खळगी चालते आहे तोवर मला ते होईल तेवढं उरकायचं आहे.

पहिलं पुस्तक आईला विचारून घेतलं. तिच्या तरुणपणी लायब्ररीत ज्याच्यासाठी नंबर लावावा लागायचा अशी एक कादंबरी. फोनचा आवाज सपाट आहे. चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ त्याला वेगळे कळत नाहीत. आईला त्याचं काही वाटत नाही. ती कानात इअरफोन घालून दुपारी गॅलरीत बसते. फोनच्या पडद्यावर कुठे बोट दाबलं की मागे जातं ते तिने पाठ करून घेतलं आहे, आणि ती मागे जाते. एकाच जागी तीनतीनदा जाते. काय ऐकते आहे ते मी विचारत नाही. मला हाक मारायची असली तरी थांबते.

लिफ्टचं काम याहून अवघड आहे. आमची चाळ पागडीची. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षं चालली आहेत, विकासक आले आणि गेले. टॉवर होईल तेव्हा लिफ्ट येईलच, तोवर कशाला खर्च, असं बरेच भाडेकरू म्हणतात. ८७ वर्षांच्या माणसाला ‘तोवर’ म्हणणं मला पटत नाही. पुढच्या महिन्यात भाडेकरूंची बैठक आहे. चौकाच्या बाजूने बाहेरून लोखंडी सांगाड्याची छोटी लिफ्ट बसवायला इमारतीचा पाया परवानगी देईल का, हे आर्किटेक्टकडून तपासून घ्यावं आणि मालकाला तसं पत्र द्यावं, असा विषय मी लेखी दिला आहे. मसुदा भाऊकाकांनी तपासला. त्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी वाढवल्या. एक, लिफ्टचं दार चाकाची खुर्ची आत जाईल एवढं रुंद असावं. दुसरी, जुन्या इमारतींना बाहेरून लावलेल्या लिफ्ट पुष्कळदा जिन्याच्या मधल्या वळणावर थांबतात आणि तिथून अर्धा जिना चढावा लागतो, तशी नको. थेट मजल्यावर थांबणारी हवी.